प्रयोगशाळा येतील, पण कपाटाची चावी कुणाकडे राहणार?

२०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात एक घोषणा होती. प्राप्तिकराच्या बातम्यांच्या गर्दीत ती मागे पडली. येत्या पाच वर्षांत देशातल्या सरकारी शाळांमध्ये ५० हजार ‘अटल टिंकरिंग लॅब’ उभ्या करायच्या, अशी ती घोषणा. योजना तशी नवी नाही, २०१६ पासून चालू आहे. नीती आयोगाकडून एका शाळेला २० लाखांपर्यंत अनुदान मिळतं आणि त्यातून थ्रीडी प्रिंटर, सेन्सर, रोबोटिक्सचं साहित्य येतं. आतापर्यंत देशभरात सुमारे दहा हजार शाळांत अशा लॅब झाल्या आहेत. आता आकडा कितीतरी पटीनं वाढणार, म्हणजे आपल्या भागातल्या शाळांचीही नावं यादीत येतील. नारळ फुटेल, फीत कापली जाईल, फोटो येतील. आमच्याच पोर्टलवर येतील.

लॅब यावी, याला कुणाचा विरोध असायचं कारण नाही. पण मला माझ्या शाळेतलं कपाट आठवतं. लोखंडी, हिरव्या रंगाचं. काचेतून आत परीक्षानळ्या, दुर्बिणीसारखा दिसणारा सूक्ष्मदर्शक, एक मानवी सांगाडा. सांगाड्याला आम्ही नाव ठेवलं होतं. त्या कपाटाची चावी मुख्याध्यापकांच्या टेबलाच्या खणात असायची आणि तो खणही कुलूपबंद. सूक्ष्मदर्शक फुटला तर भरपाई कोण देणार, ही भीती. सरांची चूक म्हणता येणार नाही, कारण दप्तरी नोंदीत वस्तू कमी पडली तर जाब त्यांनाच विचारला जायचा. पाच वर्षांत मी त्या सूक्ष्मदर्शकाला एकदाही डोळा लावला नाही. प्रयोगवही मात्र पूर्ण होती. आदल्या वर्षीच्या मुलाची आणून उतरवली होती.

आज वेगळं काय आहे? दहावीला विज्ञानाचे ४० गुणांचे दोन पेपर आणि प्रात्यक्षिकाचे २० गुण. ओळखीतले एक शिक्षक सांगत होते, त्या वीसपैकी अठरा-एकोणीस देऊन टाकायचे, पोरांचं नुकसान कशाला. त्यांचंही खरंच आहे. शेजारच्या शाळेनं दिले आणि यांनी नाही दिले, तर पालक शाळेत येऊन उभे राहतील.

प्रयोग करूनही काही न समजणं

कपाट उघडलं की प्रश्न मिटला, असं आपल्याला वाटतं. इथंच विज्ञान शिक्षणावरचं संशोधन कामाला येतं. हो, विज्ञान कसं शिकवावं आणि मुलं ते कसं शिकतात, यावरही संशोधन होतं. गेली पन्नासेक वर्षं जगभरात चालू आहे आणि त्यातलं काही आपल्या रावेर तालुक्यात झालंय. त्याच्याकडे येतोच.

कार्ल वीमन हे अमेरिकेतले भौतिकशास्त्रज्ञ. २००१ साली त्यांना नोबेल मिळालं. त्यानंतर त्यांनी आपला बराच वेळ मुलांना विज्ञान का समजत नाही हे शोधण्यात घातला. नताशा होम्स या संशोधिकेबरोबर त्यांनी तीन संस्थांमधले भौतिकशास्त्राचे नऊ अभ्यासक्रम तपासले. प्रश्न साधा होता. पुस्तकातला धडा पक्का व्हावा म्हणून जी प्रात्यक्षिकं घेतली जातात, ती करणाऱ्या मुलांना त्या धड्यावरच्या परीक्षेत जास्त गुण मिळतात का? उत्तर आलं, फरक जवळपास शून्य. तिथं कपाटाला कुलूप नव्हतं. साहित्य भरपूर, मुलं रोज हात लावत होती. पण काय करायचं, कोणत्या क्रमानं करायचं, उत्तर काय यायला पाहिजे, हे सगळं आधीच कागदावर लिहिलेलं. पोरांनी विचार करण्याची जागाच शिल्लक नव्हती. सत्यनारायणाच्या पूजेत भटजी सांगतील तसं पाणी सोडायचं, तसं.

मग विचार कुठं अडतो? संशोधनातून सगळ्यात ठळकपणे पुढं आलेली गोष्ट अशी की मूल वर्गात रिकाम्या डोक्यानं येत नाही. जगाबद्दलचे त्याचे स्वतःचे अंदाज आधीच पक्के असतात. शाळा त्यांना हात लावत नाही. त्यांच्या शेजारी एक दुसरा कप्पा तयार होतो, परीक्षेपुरता.

घरी करून बघा. मुलाला विचारा, चेंडू सरळ वर फेकला, हातातून सुटला, आता तो वर चाललाय. या क्षणी त्याच्यावर कोणत्या दिशेनं बल आहे? बहुतेक जण म्हणतील, वरच्या दिशेनं, म्हणून तर वर चाललाय. खरं म्हणजे हात सुटल्यावर वर ढकलणारं काहीच उरलेलं नसतं. पृथ्वी त्याला खालीच ओढत असते, म्हणून तर त्याचा वेग कमी होत जातो. ज्यानं न्यूटनचे तिन्ही नियम घडाघडा म्हणून दाखवले, तोही इथं चुकतो.

असेच साधे, आकडेमोड नसलेले तीसेक प्रश्न घेऊन १९९२ साली अमेरिकेत डेव्हिड हेस्टेनिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक चाचणी तयार केली. हार्वर्ड विद्यापीठातले प्राध्यापक एरिक मझूर यांना वाटलं, आपल्या मुलांना हे चिल्लर आहे. त्यांनी ती दिली. एका विद्यार्थिनीनं पेपर हातात घेऊन विचारलं, सर, याची उत्तरं तुम्ही शिकवलंत तशी लिहू, की मला खरं वाटतं तशी? मझूर त्या दिवशी हादरले. जगातल्या नावाजलेल्या विद्यापीठात दोन कप्पे शाबूत होते.

आपल्याकडचं उदाहरण घेऊ. लाकडाचं वजन कुठून येतं? बांधावरचं बाभळीचं झाड, बीपासून वाढून दहा वर्षांत काही क्विंटलचं झालं. एवढा माल आला कुठून? कट्ट्यावर विचारलं तर उत्तर ठरलेलं, जमिनीतून, खतातून. आता आपल्या चुलीकडे बघा. वाळलेलं दहा किलो लाकूड जाळलं की शेवटी किती राख उरते? मूठ-दोन मूठ. जमिनीतून आलेला माल साधारण तेवढाच. बाकीचं वजन हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमधून आणि पाण्यातून तयार झालेलं होतं, ते धुरावाटे परत हवेत गेलं. हे ‘प्रकाशसंश्लेषण’ सातवीतली पोरगी व्याख्येसकट सांगेल. पण तिला चुलीपाशी बसवून विचारा, ती गोंधळेल. ती हुशार नाही असं मुळीच नाही. तो शब्द आणि ती चूल कधी भेटलेच नाहीत, एवढंच. वडील रात्री दोन वाजता बॅटरी घेऊन स्टार्टर दुरुस्त करायला जातात, फेज कुठला गेलाय ते आवाजावरून ओळखतात, आणि मुलीसाठी विद्युतधारा म्हणजे पुस्तकातला एक धडा.

खिरोद्यात काय सापडलं होतं

आपल्या मुलांचं काय चुकतं, याचा शोध आपल्याच मातीत घेतला गेला होता, हे नव्या पिढीला माहीत नाही. मुंबईतल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेनं १९७४ साली होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र सुरू केलं. आज ते मानखुर्दला मोठ्या आवारात आहे. विज्ञान ऑलिम्पियाडमुळं हुशार मुलांना त्याचं नाव ठाऊक असतं. सुरुवात मात्र नाना चौकातल्या महापालिकेच्या शाळेतल्या जागेत झाली होती. केंद्राची धुरा सांभाळणारे भौतिकशास्त्रज्ञ वि. गो. कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुरुवातीच्या काळात जिथं काम केलं, त्यात एक ठिकाण होतं खिरोदा. खिरोदा म्हणजे शिक्षणमंत्री राहिलेल्या मधुकरराव चौधरींचं गाव. शिक्षणाचं वातावरण तिथं आधीपासून होतं. परिसरातल्या शाळांतले शिक्षक आणि मुंबईचे संशोधक एकत्र बसले. पुस्तक तेच, अभ्यासक्रम तोच, इमारत तीच. एवढ्या चौकटीत काय सुधारता येईल, हे बघायचं होतं.

या कामात आणि पुढं मुंबईत महापालिका शाळांमधल्या अनुसूचित जातीच्या मुलांबरोबर केलेल्या कामात एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर आली. मुलं विज्ञानात अडत नव्हती, भाषेत अडत होती. पाठ्यपुस्तकातलं मराठी त्यांच्या घरचं मराठी नव्हतंच. लांबलचक वाक्यं, संस्कृत शब्दांची माळ, ‘असे असता’, ‘त्यायोगे’, ‘परिणामी’. अशी वाक्यं सोपी करून दिली, तोच आशय मुलांच्या बोलीच्या जवळ आणला आणि त्यांना वर्गात बोलायला लावलं, तर त्यांची समज आणि गुण दोन्ही वाढले. ज्यांना ‘ढ’ समजून मागच्या बाकावर बसवलं होतं, त्यांच्याबद्दल हे सांगितलं जात होतं. कुलकर्णी आणि सुधाकर आगरकर यांनी १९८० च्या दशकातच हे मांडलं.

आज आपण काय करतोय? गावोगाव ‘सेमी इंग्रजी’. पालकांना वाटतं पोरगं पुढं जाईल, आणि ही आशा खोटी ठरवायचा अधिकार मला नाही. पण ज्या मुलाला ‘त्वरण’ मराठीत समजलं नव्हतं, त्याला ‘ॲक्सिलरेशन’ म्हटल्यावर समजेल, याला आधार काय? घरी लेवा बोलीत, तावडीत, पावरीत, भिलीत, तडवींच्या बोलीत बोलणाऱ्या मुलांच्या डोक्यावर आधी पुस्तकी मराठीचं ओझं होतं, आता वर इंग्रजीचं. खिरोद्यात जे सापडलं, त्याच्या बरोबर उलट्या दिशेला आपण चाललोय.

भुसावळहून इटारसीच्या पुढं

भुसावळहून भोपाळच्या गाडीत बसलं की रावेर, बऱ्हाणपूर, खंडवा, इटारसी आणि इटारसी सोडलं की नर्मदेकाठी होशंगाबाद. आता त्याचं नाव नर्मदापुरम झालंय. विज्ञान शिक्षणात देशात सगळ्यात मोठा प्रयोग याच जिल्ह्यात झाला आणि तो सरकारी शाळांतच झाला.

१९७२ मध्ये ‘किशोर भारती’ आणि रसूलियाचं ‘फ्रेंड्स रूरल सेंटर’ या दोन संस्थांनी जिल्ह्यातल्या १६ सरकारी शाळांत सहावी ते आठवीचं विज्ञान वेगळ्या पद्धतीनं शिकवायला परवानगी मिळवली. किशोर भारतीचे अनिल सद्गोपाल टाटा संस्थेतली नोकरी सोडून तिथं गेले होते. मुलांना पाठ करायचं पुस्तक नव्हतं. ‘बाल वैज्ञानिक’ नावाची कृतिपुस्तिका होती, त्यात उत्तरं छापलेली नसायची. चार-चार मुलांची टोळी प्रयोग करायची, निरीक्षण लिहायची, मग वर्गात वाद घालायचा. पानं, खडे, किडे गोळा करायला शेतात-नाल्यात फिरायचं. शिक्षकांना सुट्टीत प्रशिक्षण, वर्षभर मासिक बैठका. त्यांना विद्यापीठातले प्राध्यापक शिकवायला यायचे आणि शिक्षकांचे प्रश्न ऐकून स्वतःच अडचणीत यायचे. परीक्षेला पुस्तक उघडं ठेवायची मुभा होती आणि प्रात्यक्षिकाचीही खरीखुरी परीक्षा असायची. शंका असेल तर ‘सवालीराम’ नावाच्या पात्राला पत्र लिहायचं. मुलं लिहायची, उत्तर यायचं.

१९७८ मध्ये हा कार्यक्रम जिल्ह्यातल्या सगळ्या मिडल स्कूलमध्ये गेला. त्याच सुमारास पुण्यात टेल्कोत काम करणारे इंजिनिअर अरविंद गुप्ता रजा घेऊन तिथं आले. आठवडी बाजारात मिळणाऱ्या सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे आणि आगपेटीच्या काड्या जोडून त्यांनी त्रिकोण, चौकोन, घनाचे सांगाडे बनवले. त्रिकोण दाबला तरी वाकत नाही, चौकोन वाकतो. घराच्या कैच्या त्रिकोणी का असतात, हे पोरांना बोटांनी कळलं. पुढं पुण्याच्या आयुकातल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी वर्षानुवर्षं हेच काम केलं. त्यांचे व्हिडिओ आणि पुस्तकं मराठीतही फुकट मिळतात. नेट असेल तर आज रात्री पोरांना दाखवता येतील.

१९८२ मध्ये ‘एकलव्य’ संस्था स्थापन झाली आणि कार्यक्रम मध्य प्रदेशातल्या पंधरा जिल्ह्यांत, शेकडो शाळांत पसरला. आणि २००२ मध्ये राज्य सरकारनं तो बंद केला. तीस वर्षांनी, एका आदेशानं.

बंद का झाला, यावर अजून वाद आहेत. एक मुद्दा असा पुढं केला गेला की जिल्ह्यातली मुलं दहावीच्या बोर्डात मागं पडतात. आठवीपर्यंत मूल विचार करायला शिकलं आणि नववीत पुन्हा पाठांतर. बोर्डाचा पेपर तर पाठांतरच तपासत होता. मला वाटतं खरी गोम इथंच आहे. शिकवण्याची पद्धत बदलली पण मोठी परीक्षा बदलली नाही, तर दोष पद्धतीच्या माथी येतो. शिवाय पालकांना ‘पोरं वर्गात नुसती गोंगाट करतात, मास्तर काही शिकवतच नाहीत’ असं वाटत असणार. त्यांना नावं ठेवायला नकोत. हार्वर्डच्याच मुलांवर २०१९ मध्ये झालेला एक अभ्यास बघा. काही मुलांना नामांकित प्राध्यापकांचं सुंदर व्याख्यान दिलं, काहींना गटात बसून स्वतः डोकं फोडायला लावलं. मग अदलाबदल केली. चाचणीत डोकं फोडणाऱ्यांना जास्त गुण मिळाले. पण ‘तुम्ही किती शिकलात?’ असं विचारल्यावर व्याख्यान ऐकलेले म्हणाले, आम्ही जास्त शिकलो. गोड भाषण ऐकलं की समजल्यासारखं वाटतं. आपल्याकडं निवडणुकीत हे वेगळं सांगायला नको.

ही काही एका अभ्यासाची गोष्ट नाही. रिचर्ड हेक यांनी १९९८ मध्ये सहा हजारांहून जास्त विद्यार्थ्यांच्या चाचण्या तपासल्या. आधी जे येत नव्हतं, त्यातलं फक्त व्याख्यान ऐकून सरासरी २३ टक्के सुधारलं. बोलून, वाद घालून, करून शिकणाऱ्या वर्गात ४८ टक्के. २०१४ मध्ये २२५ अभ्यासांची एकत्र मोजणी झाली. नुसत्या व्याख्यानाच्या वर्गात नापासांचं प्रमाण ३३.८ टक्के, मुलांना कामाला लावणाऱ्या वर्गात २१.८ टक्के.

मुलगी कुठं उभी असते?

एक गोष्ट सांगायलाच हवी. २०२३ च्या ‘असर’ पाहणीत ग्रामीण भागातल्या १४ ते १८ वयाच्या सुमारे ३४ हजार मुला-मुलींना भेटले होते. अकरावी किंवा त्यापुढं शिकणाऱ्यांत निम्म्याहून जास्त कला शाखेत होते. विज्ञान-गणिताच्या बाजूला मुलगे ३६.३ टक्के, मुली २८.१ टक्के. याची कारणं घरापासून एसटीच्या वेळेपर्यंत बरीच आहेत. पण एकदा शाळेत प्रात्यक्षिक चालू असताना खिडकीतून बघा. बऱ्याचदा नळी मुलाच्या हातात असते आणि मुलगी वहीत लिहित असते, अक्षर चांगलं म्हणून. थ्रीडी प्रिंटर आला तर तिथंही हेच होणार नाही, याची काळजी कोण घेणार?

शाळा व्यवस्थापन समितीत कायद्यानं तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, निम्म्या महिला असतात. बऱ्याच ठिकाणी ही समिती सही करण्यापुरती बसते. लॅब मंजूर झाली की बैठकीत काही गोष्टी विचारता येतात. लॅब चालवायला शिक्षकाला प्रशिक्षण किती दिवसांचं आणि ते दरवर्षी होणार की एकदाच? वस्तू फुटली तर भरपाई शिक्षकाच्या पगारातून जाणार का? नाही जाणार, हे बैठकीच्या इतिवृत्तात लिहून घ्या, कारण कुलूप त्याच भीतीनं लागतं. विज्ञानाच्या शिक्षकाला मतदार यादी आणि ऑनलाईन माहिती भरण्याच्या कामातून आठवड्यात किती तास मोकळे मिळतात? पद भरलेलं आहे का, की गणिताचेच सर विज्ञान शिकवतात? वापराची वही ठेवली जाते का, आणि त्यात मुलींची नावं किती?

लॅब यादीत नसलेल्या शाळांनी थांबायचं कारण नाही. एक सेल, एक बल्ब, एकच वायर. आठवीच्या मुलांना द्या आणि दिवा लावायला सांगा. अमेरिकेत एमआयटीसारख्या संस्थेच्या पदवीधरांना पदवीदानाच्या दिवशी हेच साहित्य दिलं होतं, कॅमेऱ्यासमोर बऱ्याच जणांना जमलं नाही. आपल्या पोरांना जमतंय का बघा. सांगू मात्र नका.

तुमच्या शाळेत आधीच अशी लॅब असेल, तर महिन्यातून किती दिवस तिचं दार उघडतं, ते गाव आणि शाळेच्या नावासह आम्हाला कळवा. तालुकावार यादी करायला घेतली आहे. चांगली चालणारी लॅब असेल तर आधी तिथं येऊ.